गुडघ्याखालचा ठोका

भाद्रपदातलं ऊन तापायला लागलं की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पाऊस मागे सरलेला असतो, पण पुरता गेलेला नसतो. सकाळी ढग, दुपारी चटका, संध्याकाळी जमिनीतून निघणारा कोंदट वाफारा. मोशीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून आता बाजरी दिसत नाही, कंपन्यांच्या बसेस दिसतात आणि शिफ्ट सुटलेली पोरं दिसतात. तरी हवेत तो वास असतोच. फुलोऱ्यातल्या बाजरीचा, कुजल्या गवताचा, साचलेल्या पाण्याचा. लोक म्हणतात, किती छान हवा आहे! मी घरातल्या पोरांच्या कपाळाला हात लावून बघते.

परवा पणतीला ताप आला. चार वर्षांची आहे. ताप साधाच होता, संध्याकाळपर्यंत उतरलाही. पण मला राहवेना. तिला उचललं, जेवणाच्या टेबलावर काठाला बसवलं, पाय खाली सोडले आणि चमचा उलटा धरून गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकलं. नेमकी तेव्हाच नातसून दारातून आत आली. पल्लवी तिचं नाव. फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि कंबरा सैल करत असते.

"आजी! झालं का परत सुरू?"

"काही नाही गं, जरा बघत होते."

"अहो, सगळे डोस झालेत तिचे. थेंब झाले, इंजेक्शनं झाली. आता कसली भीती?"

"बघितलं तर काय बिघडलं? तुझं काही खर्च झालं का?"

ती हसली. पोरीचा पाय झटकन उडाला होता, दुसराही उडाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. डोस झालेत हे मलाही माहीत आहे. मी काही अडाणी नाही. पण भीतीला कुणी डोस पाजलेला नाही ना.

ही भीती निघोज्याची आहे. निघोजे म्हणजे आमचं गाव, इंद्रायणीच्या काठचं, चाकणपासून बैलगाडीच्या वाटेवर. आता तिथे पत्र्याच्या शेड आहेत आणि रात्रंदिवस ट्रक आहेत. पन्नास-साठच्या मधलं कुठलंतरी साल असेल ते. मी मराठी तिसरीत होते आणि माझी धाकटी बहीण हौसा आत्ताच्या माझ्या पणतीएवढी होती. घरात आई, आबा आणि आम्ही दोघी. भिंतीला भिंत लागून गजरामावशीचं घर. मावशी नात्याची नव्हती, पण सख्खीच्या वर होती.

पहिल्यांदा तिच्या बबनचा पाय गेला. बैलपोळ्याच्या सुमारास त्याला ताप आला. आला तसा उतरला. सकाळी तोंड धुवायला म्हणून मावशीनं त्याला अंगणात उभं केलं तर तो मटकन खाली बसला. तिला वाटलं, लाडात आलाय. "नाटकं करतोस व्हय रं?" म्हणत तिनं पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा उभा केला. पुन्हा बसला. मग मात्र तिनं मारलं नाही. त्याचा उजवा पाय हातात धरून ती नुसती बघत राहिली. मी आमच्या उंबऱ्यातून सगळं पाहत होते. पोर रडतही नव्हतं. आपल्याला का बसावं लागतंय, हे त्यालाही कळत नव्हतं.

"वारं गेलं पायावरनं," बायका म्हणाल्या. दोनचार दिवसांत वरच्या आळीतली एक पोर तशीच बसली. मग मात्र गावाच्या तोंडचं पाणी पळालं. साथ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारीना. नदीवर जायचं नाही, पेरू खायचे नाहीत, ओल्यात खेळायचं नाही, गजरामावशीच्या अंगणात तर पाऊलही टाकायचं नाही. आई आम्हाला घरात कोंडून ठेवायची आणि स्वतः मात्र परसातल्या कुडापाशी उभी राहून मावशीशी बोलायची. बोलता बोलता दोघीही रडायच्या. आत आल्यावर आई हातपाय खसाखसा धुवायची. मग मला मावशीचं वाईट वाटायचं आणि आईचंही वाटायचं, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या पायांची काळजी वाटायची. खोटं कशाला सांगू?

चाकणला एक डॉक्टर होते. आधी लष्करात होते म्हणे, मग बाजारपेठेत दवाखाना घातलेला. मावशी बबनला तिथं घेऊन गेली आणि परत आली ती एक नवीनच गोष्ट घेऊन. कुडापलीकडून तिनं आईला सांगितलं, "रबराची हातुडी हाय गं त्येंच्याकडं. गुडघ्याच्या वाटीखाली आस्सा ठोका देत्यात. चांगल्या पायाला दिला तर झटक्यानं उडला बघ. आन् ह्या पायाला… मेलं काय बी न्हाई. तितंच लोंबत ऱ्हायला."

झालं! त्या एका वाक्यानं गाव पेटलं. पाय उडाला तर पोर चांगलं, नाही उडाला तर गेलं. इतकी सोपी परीक्षा गावाला कुणी कधी दिलीच नव्हती. दुपारपर्यंत घराघरांत ठोके सुरू झाले. कुणी लाटणं घेतलं, कुणी रवीचा दांडा. आमच्या आईनं आमटीची पळी उलटी धरली.

तिनं आम्हा दोघींना घोंगडीवर पाय पसरून बसवलं. आधी माझ्या गुडघ्याखाली ठोका दिला. पाय हलला नाही. तिनं जागा बदलली. पुन्हा नाही. दुसऱ्या पायाला दिला, तोही तसाच. आईचा चेहरा उतरत चालला. मग हौसाचे पाय झाले. तेही ढिम्म. तिनं आम्हाला मांडी घालायला लावली, उकिडवं बसवलं, पुन्हा पाय पसरायला लावले. नाहीच. शेवटी तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत सारून स्वतःच्या पायाला ठोका देऊन बघितला. तोही नाही!

"आगं बया, समद्यांचंच गेलं की गं!" आई ओरडली आणि पळी तशीच हातात धरून बाहेर धावली. तिला वाटलं आपल्याच घरावर गदा आली. बाहेर बघते तर गल्लीभर तेच. या दारात एक रडतेय, त्या दारात दुसरी. सगळ्या आयांच्या कडेवर धडधाकट पोरं आणि सगळ्या आया ऊर बडवतायत. चालता येत होतं सगळ्यांना, तरी कुणाचा विश्वास बसेना. आज चालतंय, उद्या बसेल. बबनही आदल्या दिवशी चालतच होता की.

आज हे सांगताना हसू येतं. पण त्या दुपारी कुणाला हसू आलं नाही. आणि चूक तरी कशी होती बघा! आमच्या घरात खुर्ची नव्हती. बाजलंही जमिनीला टेकलेलं. आम्ही जेवायचो जमिनीवर, दळायचो जमिनीवर, अभ्यास जमिनीवर, झोप जमिनीवर. बसलेल्या माणसाचे पाय अधांतरी लोंबतात, ही गोष्टच आमच्या रोजच्या जगण्यात नव्हती. डॉक्टरांनी बबनला उंच टेबलावर बसवलं होतं, पण मावशीला वाटलं तो दवाखान्याचा थाट. तेवढं सांगायचं ती विसरली नव्हती, तिला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं.

आबा शेतातून आले तेव्हा आईनं रडून घर डोक्यावर घेतलेलं. आबा मुकाट्यानं गाडी जुंपायला लागले. चाकणला जायचं, दुसरं काय करणार? त्यांनी आम्हा दोघींना उचलून गाडीच्या साट्यावर काठाला बसवलं आणि ते बैल आणायला गोठ्यात गेले. हौसा पाय हलवत मजेत बसली होती. आईच्या हातात पळी होतीच. देवाला एकदा शेवटचं विचारावं तशी तिनं ती हौसाच्या गुडघ्याखाली मारली. हौसाचा पाय असा उडाला की आईच्या हनुवटीलाच लागला.

आई मागे सरकली. पुन्हा ठोका दिला. पुन्हा पाय उडाला. माझाही उडाला.

"आवो, ह्यो बघा! उडतुया! लोंबता पायजे वो पाय, लोंबता!"

आबा एका हातात कासरा धरून हसायला लागले आणि आई तिथंच मातीत बसून ढसाढसा रडली. घटकाभरात आमच्या गाडीभोवती आळी गोळा झाली.

मग तो रिवाजच पडला. दिवस मावळायच्या आधी आमच्या दारातल्या त्या गाडीवर पोरं ओळीनं बसवायची आणि प्रत्येक आईनं आपापल्या पोराचा ठोका घ्यायचा. साऱ्या गावात त्याला ठोकाच म्हणत. "घेतला का गं ठोका?" "घेतला बाई, उडला." इतकं झालं की त्या दिवसापुरतं पोर वाचलं. मग भाकऱ्या थापायला जायचं.

मला ती वेळ नको वाटायची. गाडीवर बसले की मांडी आपोआप आवळली जायची आणि आवळलेल्या मांडीचा पाय उडत नाही. आई म्हणायची, "सैल सोड की गं!" आता भ्यालेल्या माणसानं सैल कसं सोडायचं, सांगा बरं! मी सैल सोडायला जायची ती आणखीच आवळायची. आई दुसरा ठोका द्यायची, तिसरा द्यायची, चौथा गुडघ्याऐवजी नडगीवर पडायचा आणि माझी पाचावर धारण बसायची. शेवटी आबांनी तोड काढली. "इंदे, आभाळाकडं बघ आन् तेराचा पाढा म्हण." तेराचा पाढा मला येत नव्हता. तेरा दुणे सव्वीसच्या पुढे अडखळले, त्या अडखळण्यात मांडीचा विसर पडला आणि पाय उडाला. त्या साथीत मी तेराचा पाढा काही शिकले नाही, पण तो रोज अडून मला सोडवत राहिला.

हौसाचं उलटं. तिला तो खेळ वाटायचा. ठोका बसला, पाय उडाला की ती खिदळायची. "म्या न्हाई उडवला! त्यो त्येचा त्योच उडला!" पुन्हा दे म्हणून आईच्या मागे लागायची. स्वतःच्याच अंगात आपलं न ऐकणारं कुणीतरी राहतंय, याची तिला भारी गंमत वाटायची. मला त्याचीच भीती वाटायची.

ते कुणीतरी काय असतं, ते मला फार उशिरा कळलं. मागच्या वर्षी पल्लवीला विचारलं, तर तिनं स्वयंपाकघरातच माझी शिकवणी घेतली. स्नायूंच्या आत म्हणे बारीक बारीक तंतू असतात, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते. शाळेत आम्ही टकळीवर सूत गुंडाळायचो ना, तशा आकाराचे. स्नायू ताणला गेला की हे तंतूही ताणले जातात आणि पाठीच्या कण्यात निरोप धाडतात, ताण पडतोय म्हणून. निरोप मेंदूपर्यंत जायची वाटच कोण बघतो! कण्यातूनच उलटा हुकूम सुटतो, आवळ. गुडघ्याखाली ठोकलं की मांडीचा स्नायू पळभर ताणला जातो, तो लगेच आवळतो आणि पाय उडतो. आपल्याला कळेपर्यंत काम झालेलंसुद्धा असतं.

"आणि हे फक्त डॉक्टरांच्या हातोडीसाठी नाही हं, आजी," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता ओट्यापाशी उभ्या आहात ना, ते त्याच्याच जिवावर. माणूस उभा असताना सारखा थोडा थोडा कलत असतो. कललं की कुठलातरी स्नायू ताणला जातो, की लगेच तो आवळून तुम्हाला सरळ करतो. तुम्ही भाजी निवडताय, आणि खाली हे चाललंय."

त्या दिवसापासून मला नुसतं उभं राहायचीसुद्धा धास्ती वाटते. बसस्टॉपवर उभी असले की मनात येतं, बाई गं, आत कोणकोण राबतंय आणि आपण खुशाल बसची वाट बघतोय. आपण उभे राहतो असं आपण म्हणतो. खरं तर आपल्याला उभं ठेवलेलं असतं.

"मग त्या तापात काय व्हायचं गं?" मी विचारलं. हे विचारायला मला इतकी वर्षं लागली.

पल्लवी म्हणाली, "ताण कळायचा, आजी. निरोपही जायचा. पण कण्यातल्या ज्या पेशी उलटा हुकूम सोडतात, त्याच मेलेल्या असायच्या. म्हणून पायाला हात लावलेला कळतो, चिमटा कळतो, दुखतंही. फक्त उत्तर येत नाही." मी गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसले.

हौसाला ताप आला तेव्हा बाजरी काढणीला आली होती. साथ ओसरली असं वाटायला लागलं होतं. गाडीवर पोरं कमी यायची, आयाही थट्टामस्करी करायच्या. एके सकाळी हौसा उठली ती निखाऱ्यासारखी तापलेली. मान वाकवू देईना, पाठीला हात लावू देईना. आई तिच्या उशाशी बसली ती उठलीच नाही.

ताप उतरला त्या दिवशी आबा म्हणाले, "गाडीवर बशीव. ठोका घिऊन बघू."

"न्हाई," आई म्हणाली.

"आगं, बघाय तर पायजे का न्हाई?"

"म्या न्हाई बघायची. कळत न्हाई तवर पाय हायच की तिचा."

रोज संध्याकाळी गावच्या पोरांचे ठोके घ्यायला पुढे होणारी माझी आई. तिनं हौसाला कडेवर घेतलं ते खालीच ठेवेना. पाणी भरताना कडेवर, चुलीपुढे मांडीवर, परसात कडेवर. हौसाला खाली उतरायचं असायचं, ती वळवळायची, चिडायची, आईचे केस ओढायची. आई म्हणायची, "अशक्त हाय माजी बाय, उद्या चाल." उद्या आला की पुन्हा उद्या. मी हौसाच्या लोंबणाऱ्या पायांकडे बघायची. आईच्या कमरेला एका बाजूनं विळखा घट्ट असायचा, दुसऱ्या बाजूचा पाय नुसता हलायचा, आई चालेल तसा. मला दिसत होतं, आबांना दिसत होतं, गजरामावशीला तर कुडापलीकडूनही दिसलं असणार. ती नुसती उभी राहायची आणि आत जायची. कुणीच काही बोलायचं नाही.

शेवटी आबांनी एक दिवस न विचारता गाडी जुंपली. "चाकणला चाललोय. ये न्हाईतर तिला माज्याकडं दे." आई निमूट गाडीत बसली. हौसाला धरायला म्हणून मलाही घेतलं. वाटेत हौसा खुशीत होती. ती रानातली पाखरं मोजत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर उंच आणि कमी बोलणारे होते. त्यांनी हौसाला टेबलाच्या काठावर बसवलं, पाय खाली सोडायला लावले. आई भिंतीला टेकून उभी राहिली, पदर तोंडात धरून. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याखाली ठोका दिला. पाय उडाला. हौसा खिदळली. आईनं डोळे मिटून घेतले.

मग डावा. ठोका बसल्याचा हलका आवाज आला, तेवढाच. डॉक्टरांनी पुन्हा दिला. म्हणाले, "बाळ, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव आणि जोरात ओढ. इकडं बघू नको, छताकडं बघ." हौसानं बोटं अडकवली, दात आवळून ओढली, छताकडं बघितलं. त्यांनी ठोका दिला. पाय तिथंच लोंबत राहिला. त्यांनी पोटरीवर चिमटा काढला तर हौसा "आय गं" म्हणाली. कळत होतं तिला सगळं. डॉक्टरांनी हातोडी खाली घेतली आणि ते आबांकडे वळले.

आईच्या घशातून एक आवाज आला. हौसानं छतावरची नजर काढून आईकडे पाहिलं. मग ती खाली वाकली, दोन्ही हातांनी स्वतःचा डावा पाय मांडीखालून धरला आणि जोर लावून वर उचलला.

"आय, बघ," ती म्हणाली. "उडला. रडू नगंस. उडला बघ."

आईनं पदर तोंडातून काढला. टेबलापाशी आली.

"व्हय गं माजी बाय," ती म्हणाली. "उडला."